स्विंग युगातील जॅझ व्हिनाइलवर जमवताना मूळ प्रत कोणती मानावी?

स्वरवेध

बेनी गुडमन, काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, जिमी लन्सफर्ड आणि आर्टी शॉ यांच्या मोठ्या वाद्यवृंदांचे संगीत मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि आता ते पद्धतशीरपणे व्हिनाइलवर जमवायचे ठरवले आहे. पहिली अडचण अशी की, हे संगीत घडत होते तेव्हा एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची तबकडी, अस्तित्वातच नव्हती. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या वाद्यवृंदाला जो प्रतिसाद मिळाला, तेथून स्विंग युगाचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचण्याजोग्या जॅझच्या काळाचा, आरंभ मानण्याची प्रथा आहे. कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली ती १९४८ मध्ये, म्हणजे बरेचसे मोठे वाद्यवृंद मोडून गेल्यावर. त्यामुळे स्विंगची जवळपास प्रत्येक एलपी ही पुनर्मुद्रणच असते.

माझे मत असे आहे की, १९५० ते १९६५ च्या दरम्यान मूळ कंपन्यांनी आपल्याच संग्रहातून काढलेल्या मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) एलपी संग्राहकाने मूळ प्रतीच्या योग्यतेच्या मानाव्यात आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या मागे लागू नये. त्या तबकड्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत, पण रोज ऐकण्यासाठी एलपीच योग्य. आपणा सर्वांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

लाखबंद

आपल्या मताचा आदर ठेवूनही मी असहमत आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत आणि त्या काळातले रचनाकार त्या तीन मिनिटांचा विचार करूनच रचना बांधत. एलिंग्टनची ६ मार्च १९४० रोजी ध्वनिमुद्रित झालेली ‘को-को’ ऐकावी. बारा मापांच्या ब्लूजची आवर्तने एकामागून एक येतात, प्रत्येक आवर्तनात वाद्यांचा थर वाढतो, नॅन्टनचा ट्रॉम्बोन जवळजवळ माणसासारखा बोलतो, मध्येच सगळे थांबून ब्लँटनच्या बासला जागा देतात आणि ताण टिपेला पोहोचतो तोच तबकडीची बाजू संपते. यात एकही माप जास्तीचे नाही.

अशा आठ-आठ रचना एलपीच्या एका बाजूवर सलग लावल्या की, दोन रचनांमध्ये उठून तबकडी बदलताना मिळणारी उसंत नाहीशी होते आणि पुढची रचना मागच्या रचनेचा ठसा पुसून टाकते. गुडमनच्या वाद्यवृंदाने जुलै १९३७ मध्ये मुद्रित केलेले ‘सिंग, सिंग, सिंग’ बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेले आहे. तेथे तर बाजू उलटणे हा रचनेचाच भाग होऊन बसतो.

नवखी

माझ्याकडे साधे टर्नटेबल आहे आणि त्यावर ७८ चा वेगही दिलेला आहे. त्यावर या जुन्या तबकड्या लावल्या तर चालतील का? आणि अगदी सुरुवातीला कोणत्या चार-पाच एलपी घ्याव्यात, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

ध्वनिमापक

@नवखी, वेग असणे पुरेसे नाही. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येची असते, तर ७८ च्या रुंद खाचेसाठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते, तिथला सगळा कचरा ऐकवते आणि स्वतःही खराब होते. बऱ्याच कार्ट्रिजना (ज्यात सुई बसवतात तो भाग) ७८ साठी वेगळी सुई मिळते, ती आधी घ्यावी. याच्या उलट, एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये. त्याच्या ध्वनिपेटीचे वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असते आणि पोलादी सुईखाली व्हिनाइलची खाच एकदाच वाजवून निकामी होते.

दुसरी बाब समकरणाची. ध्वनिमुद्रण करताना खर्जाचे स्वर कमी करून आणि तीव्र स्वर वाढवून कोरतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर त्याच्या नेमके उलट करतो. यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी आरआयएए (अमेरिकेतील तबकडी कंपन्यांची संघटना) वक्ररेषा १९५४ मध्ये रूढ झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती, आणि हे फक्त ७८ ला लागू नाही, १९५४ पूर्वीच्या एलपींनाही लागू आहे. लाखेच्या तबकड्या कोंदट वाटतात अशी तक्रार जे करतात, त्यांनी बहुतेक वेळा त्या चुकीच्या वक्ररेषेवर ऐकलेल्या असतात.

वेगाबाबतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तेथील तबकड्या प्रत्यक्षात ७८.२६ फेऱ्यांच्या आहेत आणि ५० हर्ट्झच्या देशांत हाच आकडा ७७.९२ येतो. हा फरक कानाला फारसा जाणवत नाही.

चिंचपोकळी

मुंबईच्या हवेत संग्रह सांभाळण्याविषयी लिहितो, कारण खरेदीपेक्षा ते अवघड आहे. पावसाळ्यात कागदी पाकिटांच्या गोंदाच्या कडेने बुरशी धरते आणि तेथून ती खाचांमध्ये उतरते. आतील जुने पाकीट मोह न ठेवता बदलावे आणि बाहेरचे कव्हर वेगळे जपावे. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, पण इतक्या घट्ट नव्हे की काढताना कव्हर सोलवटेल.

सर्वांत महत्त्वाची सूचना: व्हिनाइल धुण्यासाठी अनेक जण डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. लाखेच्या तबकडीवर ते चुकूनही वापरू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी कायमची जाते. तिच्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढेच पुरते.

चोर बाजारात किंवा फोर्टच्या पदपथांवर पूर्वी ग्लेन मिलर आणि गुडमन यांच्या एलपी अधूनमधून मिळत. आता त्या क्वचित दिसतात आणि दिसल्या तरी तबकडी एकाची व कव्हर दुसऱ्याचे असे अनेकदा असते. आतली तबकडी उजेडात तिरकी धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत परिस्थिती अगदी उलट आहे. स्विंगच्या एलपी इतक्या प्रचंड संख्येने खपल्या होत्या की, प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंजसारख्या दुकानात त्या आजही स्वस्त असतात. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या १९५० च्या दशकातील मूळ प्रतींसाठी लोक जे मोजतात, त्याच्या अगदी थोड्या भागात बेसी आणि एलिंग्टनचा उत्तम संग्रह उभा राहतो. किंमत आणि सांगीतिक मोल यांचा संबंध किती सैल आहे, हे या क्षेत्रात फार लवकर कळते.

मात्र एका गोष्टीपासून सर्वांनी सावध राहावे आणि ती म्हणजे कृत्रिम स्टिरिओ. १९५८ नंतर स्टिरिओची लाट आली तेव्हा कंपन्यांनी तीसच्या दशकातील मोनो ध्वनिमुद्रणे घेतली, खर्ज एका बाजूला आणि तीव्र स्वर दुसऱ्या बाजूला ढकलले, वर प्रतिध्वनी चढवला आणि त्यांना स्टिरिओ म्हणून विकले. बेसीच्या वाद्यवृंदातील लेस्टर यंगचा तो हलका, हवेत तरंगणारा सॅक्सोफोन या प्रक्रियेतून गेल्यावर न्हाणीघरात वाजल्यासारखा ऐकू येतो. मोनोचे बटण दाबले तरी मूळ ध्वनी पुरता परत मिळत नाही.

ओळखण्याची खूण क्रमांकात असते. आरसीए व्हिक्टरच्या एलपीवर एलपीएम असेल तर ती मोनो, एलएसपी असेल तर स्टिरिओ, आणि क्रमांकाच्या शेवटी कंसात लहान ‘ई’ असेल तर ती कृत्रिम. कोलंबियाचे सीएल म्हणजे मोनो आणि सीएस म्हणजे स्टिरिओ. डेक्काचा बेसीवरील दोन एलपींचा संच डीएक्सबी या अक्षरांनी मिळाला तर घ्यावा आणि डीएक्सएसबी असेल तर जागेवर ठेवावा. त्यामुळे @स्वरवेध यांच्या मतात मी एवढीच भर घालेन की, वर्षापेक्षा ही अक्षरे अधिक महत्त्वाची आहेत.

लाखबंद

@चिंचपोकळी यांनी लाखेचा विषय काढला म्हणून थोडे विषयांतर करतो. अमेरिकेतील या तबकड्यांमधील लाख मोठ्या प्रमाणात आपल्याकडून, छोटा नागपूरच्या जंगलांतून, कलकत्त्याच्या बंदरामार्गे जात असे. आजच्या झारखंडात पळस, कुसुम आणि बोर यांच्या झाडांवर लाखेचा किडा पोसून ती काढणाऱ्या कुटुंबांच्या श्रमांवर तो सगळा उद्योग उभा होता. तबकडीत लाख फक्त बांधून ठेवण्यापुरती असे. बाकी सारे दगडाची भुकटी आणि काजळी. ती भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवत, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची होई. आपण जी खरखर ऐकतो तिचे एक कारण हे.

युद्धामुळे हा पुरवठा अडचणीत आला आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. जुन्या तबकड्या परत द्या आणि नवी घ्या, अशा मोहिमा निघाल्या. किती दुर्मीळ प्रती त्यात भुकटी होऊन गेल्या याचा विचार केला की जीव कळवळतो.

पेठेतला श्रोता

@लाखबंद, लाखेची ही माहिती अगदी नवी होती. मनापासून धन्यवाद. ती दिल्याबद्दलच नव्हे, इतकी सविस्तर दिल्याबद्दलही.

रणभेरी

व्हिनाइलवर स्विंगची मूळ प्रत नाहीच, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते, पण एक मोठा अपवाद आहे आणि तो म्हणजे व्ही-डिस्क. ऑक्टोबर १९४३ पासून अमेरिकन सैन्याने परदेशी तैनात सैनिकांसाठी या बारा इंची तबकड्या पाठवल्या. वेग ७८ चाच, पण लाख मिळत नव्हती आणि ती प्रवासात फुटतही असे, म्हणून त्या व्हिनाइलच्या जातीच्या प्लास्टिकवर काढल्या. खाचा अधिक दाट असल्यामुळे एका बाजूवर सहा मिनिटांहून अधिक संगीत मावत असे.

त्यांचे मोल आणखी एका कारणाने आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेच्या संगीतकार संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिले. या काळात अनेक मोठ्या वाद्यवृंदांची व्यापारी ध्वनिमुद्रणे जवळपास नाहीत. सैनिकांसाठी मोबदला न घेता वाजवायला मात्र संघटनेने परवानगी दिली, आणि म्हणून त्या दोन वर्षांतले कितीतरी संगीत फक्त व्ही-डिस्कवर उरले आहे. फॅट्स वॉलर सप्टेंबर १९४३ मध्ये या मालिकेसाठी एकटाच पियानोवर बसला, सैनिकांशी गप्पा मारत गायला, आणि त्याच डिसेंबरात वारला.

अट अशी होती की या तबकड्या विकायच्या नाहीत. १९४९ मध्ये योजना संपल्यावर साचे नष्ट करण्यात आले आणि तबकड्याही जप्त करून नष्ट करायचे ठरले. सैनिकांनी सामानात लपवून आणलेल्या प्रती आज संग्राहकांकडे आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने पूर्ण संच जपला आहे. ज्याला व्हिनाइलवरची अस्सल मूळ प्रत हवी आहे, त्याने या मालिकेपासून सुरुवात करावी.

स्वरवेध

@रणभेरी, ही माहिती या धाग्याला फार मोलाची आहे. व्ही-डिस्कची खाच दाट असते, तर मग ती वाजवण्यासाठी सुई कोणती वापरावी?

ध्वनिमापक

७८ ची सुईच, पण थोडी बारीक. सुमारे ६० मायक्रॉनपासून प्रयोग सुरू करावा. प्लास्टिकमध्ये दगडाची भुकटी नसल्यामुळे पार्श्वभूमी आश्चर्य वाटावे इतकी शांत असते. मात्र जड डोक्याच्या ग्रामोफोनवर वाजलेली प्रत लवकर झिजते, म्हणून खाच करडी दिसत असेल तर घेऊ नये.

मांडवीतीर

या विषयाचे आपल्याशी असलेले नाते लाखेपुरते नाही. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि त्यापाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला ग्रँड हॉटेलात वाजवत राहिला आणि १९४५ मध्ये तेथेच वारला. त्याची कलकत्त्यात केलेली ध्वनिमुद्रणे भारतीय कोलंबियाने ७८ च्या तबकड्यांवर काढली. क्रिकेट स्मिथने १९३६ मध्ये मुंबईत मुद्रित केलेल्या तबकड्याही आहेत. हा आपल्या भूमीवर घडलेला स्विंग आहे आणि त्याचे मूळ रूप लाखेचेच आहे. @स्वरवेध यांचा नियम लावला तर हा सगळा भाग संग्रहाबाहेर राहील, हे मला मान्य होत नाही.

या वादकांच्या शेजारी बसून गोव्याच्या तरुणांनी हे संगीत आत्मसात केले. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही मुले. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन मुंबईत नावारूपाला आला. पुढे त्याने पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’मधील ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचे तुकडे ऐकल्यावर बेसी आणि गुडमन आपल्या घराघरांत कोणत्या वाटेने पोहोचले हे कळते.

अबोली

माझा अनुभव ऐकणाऱ्याचा आहे, संग्राहकाचा नाही. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या गुडमनच्या मैफलीची कोलंबियाने १९५० मध्ये काढलेली दोन एलपींची आवृत्ती आणि १९९९ ची सीडी अशा दोन्ही मी ऐकल्या आहेत. सीडीमध्ये मूळ तबकड्यांवरची खरखर जवळजवळ तशीच ठेवली आहे आणि त्यामुळे जेस स्टेसीचे ते शांत, अनपेक्षित पियानोवादन मला खरखरीच्या पडद्याआडून ऐकावे लागते. १९५० ची एलपी अधिक निवळ आहे. मला तीच भावते.

लाखबंद

@अबोली, खरखर काढताना तिच्याबरोबर झांजांची चमक आणि सभागृहाची हवा निघून जाते. १९९९ च्या आवृत्तीत लायोनेल हॅम्प्टनचा व्हायब्रोफोन थांबल्यावर स्वर विरत जाताना ऐकू येतो. कान काही मिनिटांत खरखर बाजूला सारायला शिकतो, पण जे कापून टाकले ते कोणताही कान परत आणू शकत नाही.

ध्वनिमापक

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एलपी ऐकताना एक सोपा उपाय करावा, तो म्हणजे मोनो एलपी मोनो कार्ट्रिजवर किंवा निदान मोनोचे बटण दाबून लावावी. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असते. उभ्या हालचालीतून येणारा आवाज हा केवळ धूळ, ओरखडे आणि झीज यांचा असतो आणि तो या जोडणीत नाहीसा होतो. संगीताचे काहीही न गमावता खरखरीचा मोठा भाग जातो.

न्यूजर्सीकर

माझ्या मते एलपीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद अजून कोणी मांडलेला नाही. काही संगीत ७८ वर कधी आलेच नाही. बिली हॉलिडे १९३७ मध्ये बेसीच्या वाद्यवृंदाची गायिका होती, पण ती एका कंपनीशी करारबद्ध आणि बेसी दुसऱ्या कंपनीशी, म्हणून दोघांचे स्टुडिओतील एकही ध्वनिमुद्रण नाही. उरले आहे ते हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधून ३० जून १९३७ रोजी झालेल्या प्रसारणासारखे काही थोडे, आणि ते लोकांच्या हाती आले एलपीच्या काळातच.

तसेच ७ नोव्हेंबर १९४० ची फार्गोची रात्र. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी नॉर्थ डकोटातील एका नृत्यगृहात एलिंग्टनचा वाद्यवृंद स्वतःच्या यंत्रावर मुद्रित केला. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स नुकताच सोडून गेला होता आणि त्याच्या जागी रे नान्स नवाच रुजू झाला होता. @लाखबंद म्हणतात तो तीन मिनिटांचा शिस्तबद्ध घाट खरा आहे, पण त्याच वाद्यवृंदाने नाचणाऱ्यांसमोर तो घाट कसा सैल सोडला हे फार्गोशिवाय कळत नाही. सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर तिथे ‘स्टारडस्ट’मध्ये जे वाजवतो ते दहा इंची तबकडीत मावलेच नसते.

लाखबंद

फार्गोबद्दल मी आनंदाने सहमत आहे. त्या ध्वनिमुद्रणांची मूळ प्रत माझ्याही लेखी एलपीच. पण स्टुडिओत ७८ साठी घडलेल्या रचनांबद्दल माझे मत कायम आहे.

स्वरवेध

सर्वांच्या प्रतिसादांनंतर माझी भूमिका अधिक नेमकी करता येते. संगीत ज्या माध्यमासाठी घडले त्यावरून मूळ प्रत ठरवावी: वेदरफर्डसाठी लाख, युद्धकाळासाठी व्ही-डिस्क, प्रसारणे आणि फार्गोसाठी एलपी. राहता राहिली व्हिक्टर, डेक्का, ब्रन्सविक यांची स्टुडिओतील मोठी संपदा. तिच्याबाबत मी अजूनही पन्नास-साठच्या दशकातील मोनो एलपीच घेईन, कारण जूकबॉक्सवर (नाणे टाकून वाजवायच्या यंत्रावर) झिजलेली ७८ ऐकून ‘को-को’मधला ब्लँटन हाती लागत नाही.

नवखी

माझा दुसरा प्रश्न राहिला आहे. सुरुवात कोणत्या एलपींनी करू?

न्यूजर्सीकर

@नवखी, एलिंग्टनसाठी आरसीए व्हिक्टरची ‘इन अ मेलोटोन’ ही मोनो एलपी, म्हणजे १९४० ते १९४२ चा सर्वोत्तम काळ एका तबकडीत येईल. बेसीसाठी वर सांगितलेला डेक्काचा डीएक्सबी संच. तो ऐकताना हेही लक्षात असू द्यावे की, डेक्काने ७८ च्या त्या चोवीस बाजूंसाठी बेसीला ७५० डॉलर दिले होते आणि विक्रीवर मानधन काहीही नव्हते. गुडमनची कार्नेगी मैफल. बिली हॉलिडे आणि पियानोवादक टेडी विल्सन यांच्यासाठी कोलंबियाचा १९६२ चा ‘द गोल्डन इयर्स’ हा तीन एलपींचा संच. आणि या सगळ्यामागे ज्याची लेखणी होती त्या फ्लेचर हेंडरसनचा १९६१ चा चार एलपींचा संच, कारण गुडमनच्या यशातले बरेचसे मांडणीचे श्रेय हेंडरसनचे आहे आणि त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदाला ते यश लाभले नाही. हा शेवटचा संच महाग पडला तरी आतील पुस्तिकेसकट असेल तरच घ्यावा.

चिंचपोकळी

आणि परदेशातून मागवताना विक्रेत्याला तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळी पाठवायला सांगावे. प्रवासात आत हलली की तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते, आणि मग पहिल्याच पावसाळ्यात त्या फटीतून दमट हवा आत शिरते.